आधी पाहा, मग मर्ज करा

आमच्या पुण्याच्या टीममध्ये कोणी नवीन आलं की मी पहिली सवय लावते ती ही: सकाळी आल्या आल्या ‘गिट पुल’ करायचं नाही. आधी ‘गिट फेच’ करायचं, काय आलंय ते वाचायचं आणि मगच ‘गिट मर्ज’.

एकाच प्रोग्रॅमवर अनेकजण एकाच वेळी काम करतात. त्या सगळ्यांचे बदल सांभाळणारं साधन म्हणजे गिट. प्रत्येकाच्या संगणकावर त्या प्रोग्रॅमची पूर्ण प्रत असते आणि प्रत्येकजण आपापल्या ब्रांचवर, म्हणजे कामाच्या वेगळ्या शाखेवर, लिहितो. सर्व्हरवरची सामायिक प्रत म्हणजे रिमोट. फेच केलं की सहकाऱ्यांचं नवं काम आपल्याकडे येतं, पण आपल्या ब्रांचला धक्का लागत नाही. मर्ज ते काम आपल्या कामात मिसळतो. पुल या दोन्ही गोष्टी एका दमात उरकतो, त्यामुळे मधे वाचायला उसंत मिळत नाही.

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं, ते लिनक्ससाठी. त्याआधी तिथे याच कामासाठी वापरलं जाणारं बिटकीपर हे साधन फुकट मिळणं बंद झालं होतं, आणि जगभरातून येणारे बदल झटपट जोडणं ही लिनक्सची रोजची गरज होती.

मर्ज करताना गिट दोन ब्रांच जिथून वेगळ्या झाल्या ते ठिकाण शोधतं आणि तिथपासून कोणी काय बदललं ते पाहतं. एखादी ओळ एकानेच बदलली असेल, तर तो बदल घेतं. दोघांनी तीच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर थांबतं आणि दोन्ही रूपं फाइलमध्ये मांडतं. हा कॉन्फ्लिक्ट. नवी मुलं त्याला घाबरतात. घाबरायचं कारण नाही. आपलं काम आधी कमिट केलं, म्हणजे गिटमध्ये नोंदवलं असेल, तर ‘गिट मर्ज --अबॉर्ट’ने सगळं पूर्ववत होतं.

खरा धोका कॉन्फ्लिक्ट न येता झालेल्या मर्जमध्ये असतो. समजा, बिलाच्या प्रोग्रॅममध्ये एकीने सगळ्या रकमा रुपयांऐवजी पैशांत मोजायला घेतल्या. त्याच आठवड्यात दुसऱ्याने वेगळ्या फाइलमध्ये ५० रुपयांची सवलत म्हणून नुसता ५० हा आकडा लिहिला. ओळी वेगळ्या, त्यामुळे गिट बिनतक्रार मर्ज करतं. ग्राहकाला सवलत मिळते ५० पैशांची!

गिट ओळी जुळवतं. त्यांचा अर्थ जुळतो का, हे माणसांनाच पाहावं लागतं. म्हणून मर्जनंतर टेस्ट चालवा, शंका आली तर ती ओळ लिहिणाऱ्याला विचारा आणि खात्री झाल्यावरच ते रिमोटवर पाठवा, म्हणजे पुश करा.