विजेचा दर कोण ठरवतं? मशीन घेण्याआधी हे वाचा



वीजबिल वाढलं की आपण महावितरणच्या नावाने बोटं मोडतो. पण दर महावितरण ठरवत नाही. ती फक्त हिशेब मांडून दर मागते. तो तपासून मंजूर करतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. १९९९ पासून हे काम चालू आहे, आणि तरी निम्म्या दुकानदारांना हे नावसुद्धा माहीत नसावं, असा माझा अंदाज आहे.

आता मुद्दा धंद्याचा. स्वच्छ विजेचा किमान वाटा ठरवण्याचं कामही २००३ च्या वीज कायद्याने आयोगाकडेच दिलंय. त्यावर केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभरासाठी आकडा बांधून दिला: २०२४-२५ ला २९.९१ टक्के, २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्के. यात मोठा भाग सौर विजेचा. म्हणजे वीज दुपारी भरपूर, संध्याकाळी टंचाई. मग दरही तसाच फिरणार ना!

२०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार १० किलोवॅटच्या वर मागणी असलेल्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत वीज आकार किमान २० टक्के कमी, आणि गर्दीच्या वेळेत किमान २० टक्के जास्त. ते तास कोणते, हे आयोग सांगतो. समजा तुमचा नेहमीचा दर युनिटला १० रुपये आहे. दुपारी ८, संध्याकाळी १२. मसाला कांडप असो की बर्फाचा कारखाना, महिन्याला हजार युनिट संध्याकाळवरून दुपारवर नेली तर ४,००० रुपये वाचले. एका कामगाराचा आठवड्याचा पगार तरी सुटला!

रात्रीची वीज स्वस्त म्हणून रात्रपाळी, हे जुनं गणित डोळे मिटून धरू नका. बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करताना आधी चालू दरपत्रक उघडा, मग पाळ्या ठरवा. बेकरीवाल्यांचं अवघड आहे, पाव पहाटेच लागतो. त्यांच्यासारख्यांचं म्हणणं आयोगापुढे जायलाच हवं.

आणि ते जाऊ शकतं. कायद्याचं कलम ६४ सांगतं की लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेतल्याशिवाय दर मंजूर करता येत नाही. जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. मोठे कारखानदार वकील घेऊन जातात. तुम्ही एक पान लिहा: धंदा कोणता, मशीन कधी चालतं, ती वेळ का बदलता येत नाही. सोबत वर्षभराची बिलं जोडा. त्यासाठी बिलं आजपासूनच फाइलला लावा.