लिनक्समधील यूएसबी साठवण उपकरणांची स्वयंचलित ओळख

पेन ड्राइव्ह, बाह्य हार्ड डिस्क यांसारखे उपकरण जोडताच ते ओळखून वापरासाठी उपलब्ध करून देण्याचे काम लिनक्समध्ये मुख्यतः तीन घटक करतात : कर्नेल, यूडेव्ह आणि यूडिस्क्स.

इतिहास

पूर्वी 'डेव्ह' या डिरेक्टरीत संभाव्य उपकरणांच्या फाइली आधीच करून ठेवलेल्या असत. उपकरण प्रत्यक्ष जोडलेले असो वा नसो. कर्नेल २.४ च्या काळातील डेव्हएफएसने ही अडचण दूर केली, परंतु त्यात नावे देण्याचे धोरण कर्नेलमध्येच होते. २००३ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी मांडलेल्या यूडेव्हने ते कर्नेलबाहेर आणले. २०१२ मध्ये यूडेव्ह सिस्टमडी प्रकल्पात विलीन झाले.

कार्यपद्धती

उपकरण जोडल्यावर कर्नेल त्याचा उत्पादक क्रमांक, उत्पादन क्रमांक आणि वर्ग वाचतो. साठवण उपकरणांचा वर्ग ०८ हा आहे. त्यानुसार यूएसबी-स्टोरेज किंवा यूएएस हा ड्रायव्हर निवडला जातो व डिस्कला 'एसडीबी'सारखे नाव मिळते. तिचा पहिला विभाग 'एसडीबी१' होय. कर्नेल या घटनेची सूचना यूडेव्हला देतो. यूडेव्ह नियम तपासून परवानग्या ठरवते आणि पर्यायी नावे तयार करते. त्यानंतर डेस्कटॉपच्या विनंतीवरून यूडिस्क्स तो विभाग माउंट करते.

नियमांची मांडणी

प्रशासकाचे स्वतःचे नियम 'ईटीसी' डिरेक्टरीतील यूडेव्हच्या 'रूल्स.डी' या उपडिरेक्टरीत ठेवतात. प्रत्येक नियम एका ओळीत असतो. दुहेरी बरोबर चिन्हाने (==) तुलना होते, तर एकेरी चिन्हाने (=) मूल्य दिले जाते; या दोहोंतील गल्लत ही नेहमीची चूक आहे. उदाहरणार्थ, डिस्कचा अनुक्रमांक जुळल्यास तिला 'बॅकअप' हे कायमचे पर्यायी नाव देता येते. माउंट करण्याची आज्ञा मात्र थेट नियमात लिहू नये. यूडेव्ह दीर्घकाळ चालणाऱ्या प्रक्रिया बंद करते; शिवाय सिस्टमडीमध्ये अशी माउंट केलेली डिस्क इतर प्रोग्रॅमना सहसा दिसत नाही. हे काम यूडिस्क्स किंवा सिस्टमडीवर सोपवावे.

कायमची ओळख

'एसडीबी' हे नाव जोडणीच्या क्रमावर अवलंबून असते. आजची 'एसडीबी' उद्या 'एसडीसी' होऊ शकते. केवळ या नावावर विसंबून फॉरमॅट केल्यास भलतीच डिस्क पुसली जाण्याचा धोका असतो. म्हणून 'एफएसटॅब' फाइलमध्ये विभागाचा यूयूआयडी नोंदवतात. सोबत 'नोफेल' हा पर्याय न दिल्यास, उपकरण जोडलेले नसताना संगणक सुरू होताना अडखळू शकतो.

सुरक्षितता

लिनक्स लिहावयाचा मजकूर काही काळ मेमरीत राखून ठेवते. त्यामुळे पडद्यावर 'प्रत पूर्ण' दिसले तरी सर्व मजकूर डिस्कवर पोहोचलेला असतोच असे नाही. अनमाउंट न करता उपकरण काढल्यास फाइली अपूर्ण राहू शकतात. सार्वजनिक वापराच्या संगणकांवर स्वयंचलित माउंट बंद ठेवता येते, तसेच यूएसबीगार्डच्या साहाय्याने केवळ परवानगी दिलेलीच उपकरणे स्वीकारता येतात.