दोन पालांमधली वाट

२०१६ च्या पावसाळ्यात राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि ऑगस्टमध्ये मुंबईत थेट विधानभवनाच्या आवारात शेतकरी आठवडे बाजार भरला. संत सावता माळींच्या नावाने चाललेल्या या अभियानातून शहरांतल्या मैदानांवर, मोकळ्या भूखंडांवर असे बाजार उभे राहिले. तेव्हा बोलणं सगळं भावाचं होतं. दलाल वगळला, मग मेथीची जुडी कितीला पडणार? आज मागे पाहताना वाटतं, भावाइतकंच पाहायला हवं होतं ते आखणीकडे. माल खपणार की परत टेंपोत चढणार, हे बरंचसं जागेवर ठरत आलं आहे.

आखणी बहुतेक ठिकाणी एकच: समोरासमोर दोन रांगा, मधे वाट. चुन्याने आखताना ती ऐसपैस दिसते. मग दोन्हीकडून कॅरेट पुढे सरकतात, त्यावर गिऱ्हाईक वाकतं, त्याच्या मागे पिशवी आणि एखादी स्कूटर (ही आत येते कशी, हे कोडं मला कधीच उलगडलेलं नाही). तोंडाशीच कोंडी होते. पहिल्या काही पालांवर झुंबड, तर टोकाचा शेतकरी कोथिंबिरीवर पाणी शिंपडत बसलेला. कोपऱ्याच्या जागेवरून कुरबुरी होतात त्या उगाच नव्हेत. कोपऱ्याला दोन बाजूंनी गिऱ्हाईक लागतं. जाणते संयोजक म्हणूनच जागा आलटून-पालटून देतात आणि कांदा-बटाटा बाहेर पडायच्या वाटेवर बसवतात. जड पिशवी घेऊन बाजारभर कोण हिंडेल?

नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत सुट्ट्या पैशांसाठी काट्यापाशी रांगा लागल्या. पुढे क्यूआर कोड आले, तरी ‘पैसे आले का’ म्हणत थांबणं राहिलंच.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने मात्र एका फटक्यात सगळं बदललं. भाजीबाजार मैदानांवर हलले. जमिनीवर चुन्याचे चौकोन, पालांमधे अंतर, येण्या-जाण्याची वाट वेगळी. मार्च २०२१ मध्ये नाशकात तर बाजारपेठेत तासभर फिरायला पाच रुपयांची पावती घ्यावी लागे. तासाहून जास्त रेंगाळलं की पाचशे रुपये दंड. गर्दीला भाडं लावायचा तो प्रयोग मला तेव्हाही भाबडा वाटला, कारण पाच रुपयांनी कोणी बाजार टाळत नाही.

साथ ओसरली तसे चौकोन पुसले गेले आणि पालं पुन्हा एकमेकांना खेटली. जागा तेवढीच, विकणारे जास्त, हे कारण खरं. पण आपणही रिकाम्या पालाकडे संशयाने पाहतो आणि गर्दी असेल तिथेच घुसतो. त्या दिवसांतली टेंपो पालांच्या मागे लावायची शिस्त तरी टिकायला हवी होती. मधली वाट तेवढ्यानेच बरीच मोकळी राहिली असती. एकेरी वाट टिकली नाही याचं नवल वाटत नाही. आपलं गिऱ्हाईक पहिली फेरी नुसती भाव विचारत मारतं आणि मग मागे फिरून घेतं. त्याला परतीचा रस्ता बंद केला, तर ते पहिल्याच पालावर हवं तेवढं घेऊन निघून जातं. टोकाच्या शेतकऱ्याकडे त्यावर एकच उपाय उरतो, दुपार व्हायच्या आत भाव उतरवायचा. आणि हे ठाऊक असलेली मंडळी मुद्दाम उशिरा येतात.