घरच्या संगणकासाठीं यूपीएस निवडतांना

गेल्या आषाढांत माझ्या थोरल्या भगिनीच्या माहेरच्या आठवणी मी संगणकावर उतरवून घेत होतों. चौथ्या दुपारीं वीज गेली. टेबलाखालीं यूपीएस होता. पण एकदां शीळ घालून तोहि संगणकाबरोबरच मिटला. दुपारभराचा मजकूर साठविलेला नव्हता. ताईला पुन्हां सांगावयास विनविलें, तर ती म्हणाली, "आतां तें तसें सांगतां यायचें नाहीं रे." दोष माझाच. पांच वर्षें मी त्या यंत्राच्या बॅटरीकडे ढुंकूनहि पाहिलें नव्हतें.

लहान घरगुती यूपीएसच्या पोटांत बहुधा १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची एक बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॅट-तास होतात. संगणक व पडदा मिळून १५० वॅट घेत असतील, तर हा हिशेब अर्ध्या तासाहून अधिक वेळ दाखवितो. पण तो कागदावरचा. ओझें जड असलें कीं ही बॅटरी आपली सारी पुंजी देत नाहीं, आणि प्रवाहाचें रूपांतर करतांनाहि कांहीं वाटा खर्ची पडतो. प्रत्यक्षांत दहा मिनिटांच्या आसपासचाच भरवसा धरावा. काम साठवून संगणक रीतसर बंद करण्यास तेवढा वेळ पुरतो.

खोक्यावर ६०० व्हीए असा ठळक आंकडा असतो. पुष्कळजण त्यालाच वॅट समजतात. अशा यंत्राची खरी शक्ति पुष्कळदां ३६० वॅटच असते. तो लहान अक्षरांतला आंकडा चष्मा लावून वाचावा. शिवाय व्हीए व वॅट हे केवळ ओझें किती उचलेल तें सांगतात. किती वेळ, हें बॅटरीच्या हातीं. लेझर छपाईयंत्र मात्र त्यावर मुळींच जोडूं नये. तापतांना तें एकदम फार वीज ओढतें.

विजेचा दाब वरचेवर खालींवर होत असेल, तर लाइन-इंटरॅक्टिव्ह जातीचा यूपीएस घ्यावा. तो थोडीबहुत चढउतार बॅटरीला हात न लावतां सांवरतो. स्वस्त यंत्रें बॅटरीवर चालतांना पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, आणि कांहीं नव्या संगणकांना ती मानवत नाहीं. म्हणून शुद्ध साइन लहरीविषयीं विचारून घ्यावें.

या बॅटरीचा खरा वैरी उष्मा. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागें तिचें आयुष्य सुमारें निम्में होतें. आमचा यूपीएस पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकून होता, हें मला मागाहून उमगलें! तीन-चार वर्षांनीं बॅटरी बदलावयाचीच, असें धरून चालावें. म्हणून सहज मिळणाऱ्या मापाची बॅटरी ज्यांत बसते तेंच यंत्र पसंत करावें. बसविल्याची तारीख वर चिकटवावी. जुनी बॅटरी कचऱ्यांत न टाकतां दुकानदारास परत द्यावी. शिसें विषारी आहे.

दरमहा एकदां, काम साठवून, भिंतीवरचें बटण बंद करून पाहावें. प्लग उपसूं नये, कारण त्यानें अर्थिंग तुटतें. परवां नवी बॅटरी घातल्यावर मी असें केलें, तेव्हां घड्याळांत अकरा मिनिटें भरलीं.