चौसष्ट किलोबाइटांत इंटरनेट

एका वेळी जेमतेम चौसष्ट किलोबाइट स्मृती हाताळू शकणाऱ्या यंत्रावर इंटरनेटचे सर्व्हर, म्हणजे सेवा देणारे, आणि क्लायंट, म्हणजे ती मागणारे, असे दोन्ही प्रकारचे प्रोग्राम चालवता येतात, हे विधान आजच्या विद्यार्थ्याला सहजासहजी पटत नाही, कारण दिवाळीच्या शुभेच्छांचे मोबाइलवर आलेले एक चित्रसुद्धा बहुधा त्याहून मोठे असते. तरीही डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने १९७० साली बाजारात आणलेल्या पीडीपी-११ या सोळा बिटी मिनीकॉम्प्युटरवर टेलनेट (दूरच्या यंत्रावर काम), एफटीपी (फायलींची ने-आण), फिंगर (वापरकर्त्यांची माहिती) आणि मेल या सेवा उभ्या राहिल्या, आणि त्या आजही जशाच्या तशा उभ्या करता येतात.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी की, मिनीकॉम्प्युटर म्हणजे वातानुकूलित दालन व्यापणाऱ्या मेनफ्रेमपेक्षा लहान, स्वस्त, एका-दोन कपाटांत मावणारा आणि एखाद्या प्रयोगशाळेला परवडणारा संगणक. भारतात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली टिफ्रॅक हा स्वदेशी संगणक कार्यान्वित केला, पुढे हैदराबादच्या ईसीआयएलने टीडीसी मालिकेतील यंत्रे बनवली, आणि १९७८ मध्ये आयबीएमने देश सोडल्यावर देशी मिनीकॉम्प्युटरांना मोकळे रान मिळाले.

महाराष्ट्रात संगणकांची जाळेजोडणी कशी सुरू झाली, हे पाहायचे तर जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ वरील तेव्हाच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे, म्हणजेच एनसीएसटीकडे वळावे लागते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट हा शैक्षणिक व संशोधन जाळ्याचा प्रकल्प सुरू केला, त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, एनसीएसटी आणि खुद्द तो विभाग अशा आठ संस्था होत्या, आणि श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालील एनसीएसटी व पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास टेलिफोन लावून मेलची देवाणघेवाण सुरू झाली. जुहू आणि पवई यांत शहरातल्या शहरातले अंतर असले, तरी त्या काळच्या टेलिफोनवर ओळ स्वच्छ मिळणे ही नशिबाची गोष्ट होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते.

टेलिफोनवरच्या अशा मेलसाठी जगभर यूयूसीपी ही पद्धत रूढ होती. बेल प्रयोगशाळेत माइक लेस्क यांनी ती १९७६ च्या सुमारास रचली. तिच्यात कायमची तार लागत नसे. पत्रे एका यंत्रावर साठत, ठरलेल्या वेळी मोडेम क्रमांक फिरवी, आणि लॉगिन होताच पलीकडचे यंत्र ‘शिअर’ हा शब्द व आपले नाव पाठवून स्वतःची ओळख देई, मग फोन करणारे यंत्र आपले नाव सांगे. फोन करणारा आधी प्रमुख असे आणि आपली पत्रे देई. त्याची पिशवी रिकामी झाली की भूमिका उलटत व दुसरा प्रमुख होऊन आपली पत्रे पाठवी. सर्व्हर आणि क्लायंट या भूमिका असतात, यंत्राच्या जाती नव्हेत, हे या जुन्या पद्धतीत जितके स्पष्ट दिसते तितके आजच्या ब्राउझरसमोर बसून दिसत नाही. ‘शक्ती’ नावाच्या यंत्रामार्फत जुहूहून परदेशी मेल जाऊ लागला, .इन हे देशाचे नाव १९८९ मध्ये नोंदले गेले, अर्नेटला १४४.१६ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा गट मिळाला, आणि १९९२ मध्ये जुहूपासून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत सेकंदाला चौसष्ट हजार बिट वाहणारी ओळ सुरू झाली. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

अशा रीतीने एका जाळ्यातून दुसऱ्यात जायचे तर वाटेत दोन वेगळ्या नियमांची जाळी जोडणारे यंत्र लागते; त्याला गेटवे म्हणतात, आणि धाराशिव तालुक्यातील ढोकीच्या वाचकाला ही कल्पना कुर्डुवाडीच्या आठवणीवरून चटकन उमगेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिलिमीटर रुंदीचा रूळ १९११ साली लातूरपर्यंत गेला आणि ढोकी त्या वाटेवर आली. मुंबईकडे निघालेल्या मालाला कुर्डुवाडीला छोट्या डब्यांतून उतरून मोठ्या डब्यांत चढावेच लागे, आणि रूळ रुंद होईपर्यंत, म्हणजे २००७-०८ पर्यंत, ही अदलाबदल टळली नाही. कॅलथ्रॉप यांचा आग्रह असा की, प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ नये व तो इंजिनापासून डब्यापर्यंत सारखा ठेवावा, म्हणजे हलक्या रुळांवरही भरपूर माल नेता येतो; ईथरनेटच्या एका चौकटीत १५०० बाइटांहून अधिक मजकूर न भरण्याचा नियम वाचताना हा रेल्वे अभियंता हटकून आठवतो. 

पीडीपी-११ वर इंटरनेटची टीसीपी/आयपी पद्धत बसवणे हे मात्र अवघड काम होते, आणि खरे कौशल्य तिथेच दिसते. सोळा बिटांच्या पत्त्याने ६५,५३६ बाइटच मोजता येतात, त्यामुळे यंत्रात चार मेगाबाइट स्मृती बसवली तरी एका प्रोग्रामला एका क्षणी तिचा तेवढाच तुकडा दिसतो, तोही आठ किलोबाइटांच्या आठ पानांत विभागलेला. ११/४४, ११/७० यांसारख्या वरच्या प्रतींमध्ये सूचना आणि माहिती यांना वेगवेगळे चौसष्ट किलोबाइट देण्याची सोय होती, तरी त्यावर चालणाऱ्या युनिक्स या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, आधीच त्यात ठासून बसलेला होता. मग जाळ्याचा हजारो ओळींचा कोड ठेवायचा कुठे, हा प्रश्न उरला.

त्याचे उत्तर यंत्राच्या एका दुर्लक्षित सोयीत सापडले. या मोठ्या प्रतींत कर्नल, सुपरवायझर आणि यूजर असे तीन स्तर होते व प्रत्येकाला स्मृतीचा स्वतंत्र नकाशा होता. युनिक्स त्यांपैकी पहिला व शेवटचा वापरी आणि मधला रिकामा पडून राही. बर्कली विद्यापीठाच्या परंपरेतील प्रोग्रामरांनी टीसीपी/आयपीचा सगळा कोड त्या मधल्या स्तरात नेऊन ठेवला, आणि १९९१ मध्ये स्टीव्हन शुल्ट्झ यांनी प्रसिद्ध केलेल्या २.११ बीएसडी या बर्कली युनिक्सच्या आवृत्तीत ही रचना पक्की झाली. म्हणून या प्रणालीच्या मूळ डिरेक्टरीत ‘युनिक्स’ आणि ‘नेटनिक्स’ अशा दोन फायली शेजारी शेजारी दिसतात. मर्यादेतून सुचलेल्या रचनांत हिच्या तोडीची दुसरी रचना दाखवणे कठीण आहे.

हा कर्नल स्वतः बांधावा लागतो. यंत्राचे वर्णन करणाऱ्या फायलीत इंटरनेटचा पर्याय चालू करायचा, नेटवर्क कार्डाचा प्रकार लिहायचा आणि ‘मेक’ हा बांधणीचा प्रोग्राम चालवायचा. बहुतेक वेळा मग जोडणारा प्रोग्राम ‘४३१ प्रकारासाठी फार मोठे’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबतो. ४३१ हा अष्टमान अंक, आलटून पालटून स्मृतीत येणाऱ्या तुकड्यांच्या, म्हणजे ओव्हरलेच्या, प्रोग्रामची खूण आहे. मेकफाइल उघडून एका ओव्हरलेतील एखादी फाइल दुसऱ्या ओव्हरलेत हलवायची, पुन्हा बांधायचे, आणि सगळे बसेपर्यंत हे चालू ठेवायचे, याला दुसरा उपाय नाही.

कर्नल उठला की ‘नेटस्टार्ट’ या फायलीत यंत्राचे नाव, पत्ता आणि बाहेर जाण्याचा मार्ग लिहितात, ‘होस्ट्स’ फायलीत शेजारच्या यंत्रांची नावे नोंदतात, आणि ‘आयएफकॉन्फिग’ या आज्ञेने कार्ड जागे करतात. पुढचा सूत्रधार आयनेटडी. टेलनेट २३, एफटीपी २१, फिंगर ७९ अशा क्रमांकांना पोर्ट म्हणतात. प्रत्येक पोर्टसाठी एकेक सर्व्हर दिवसभर स्मृतीत बसवून ठेवणे या यंत्राला परवडणारे नाही, म्हणून आयनेटडी एकटाच सर्व पोर्टांवर लक्ष ठेवतो आणि हाक आली की त्या सेवेचा प्रोग्राम तेवढ्यापुरता उभा करतो. आज मुबलक स्मृतीच्या जोरावर जी उधळपट्टी चालते तिच्याशी तुलना केली, तर ही काटकसर अधिक सुबक वाटते.

स्वतःचा सर्व्हर लिहायचा तर सॉकेट, म्हणजे जोडणीचे टोक, तयार करणे, त्याला पोर्ट बांधणे, ऐकू लागणे आणि आलेली जोडणी स्वीकारणे असे चार टप्पे, आणि क्लायंटसाठी सॉकेट तयार करून जोडणी करणे असे दोनच. बर्कलीने १९८३ मध्ये ४.२ बीएसडीबरोबर रूढ केलेली ही पद्धत आजही बदललेली नाही. गोम आहे ती आकड्यांत. पीडीपी-११ सोळा बिटांच्या शब्दातील लहान बाइट आधी ठेवतो, पण बत्तीस बिटांच्या संख्येतील मोठा शब्द आधी ठेवतो. १४४.१६.३०.४० असा पत्ता जाळ्यावर याच क्रमाने जातो. तीच संख्या आजच्या इंटेल यंत्राच्या स्मृतीत ४०, ३०, १६, १४४ अशी उलटी दिसते, तर पीडीपी-११ मध्ये १६, १४४, ४०, ३० अशी जोडीजोडीने उलटलेली. बाइटांचा क्रम लावून देणारे फंक्शन वापरायला विसरलेला प्रोग्राम भलत्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. युनिक्स प्रथम दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेले तेव्हा पडद्यावर ‘यूएनआयएक्स’ऐवजी ‘एनयूएक्सआय’ उमटल्याची कथा संगणकक्षेत्रात प्रसिद्ध आहे, तिचे मूळ याच गोंधळात.

दुसरी गोम अशी की, इथला साधा पूर्णांक सोळा बिटी असल्याने ३२,७६७ च्या पुढचा पोर्ट त्यात ऋण दिसतो. शिवाय सी भाषेचा कंपायलर जुन्या वळणाचा, फंक्शनला दिलेल्या मूल्यांचा प्रकार न तपासणारा, त्यामुळे फाइलमधील स्थान सांगताना शून्यापुढे ‘एल’ हे अक्षर राहिले तर एका शब्दाऐवजी दोन शब्द अपेक्षिणारे फंक्शन पुढचाच शब्द गिळते व कंपायलर चकार शब्द काढत नाही. शिकवण्यासाठी याहून चांगले यंत्र नाही, कारण येथे प्रत्येक बाइटचा हिशेब द्यावा लागतो.

या सगळ्यासाठी खरे पीडीपी-११ मिळवण्याची गरज नाही. डिजिटलमध्ये उच्चपदावर काम केलेले बॉब सुपनिक यांनी १९९३ पासून विकसित केलेला सिमएच हा अनुकारक, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, साध्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतो. २००२ मध्ये कॅल्डेरा कंपनीने जुन्या युनिक्सचा परवाना खुला केल्यामुळे प्रणालीही उघडपणे मिळते. ११/७० निवडले तर युनिबस या अंतर्गत जोडमार्गावरचे कार्ड व त्याचे नाव ‘डीई’, ११/७३ निवडले तर क्यूबसवरचे कार्ड व त्याचे नाव ‘क्यूई’, एवढे पथ्य पाळावे. वायफायवर मात्र बहुतेकांचे घोडे अडते, कारण स्वतःखेरीज दुसऱ्या कार्डाच्या पत्त्याने निघालेल्या चौकटी वायफाय बहुधा पुढे जाऊ देत नाही. तारेचे ईथरनेट घ्यावे, नाहीतर सिमएचमधील नॅटची, म्हणजे पत्ता बदलून देण्याची, सोय वापरून लॅपटॉपचा एखादा पोर्ट आतल्या २३ क्रमांकाशी जोडावा. ढोकीत अशा रीतीने एका खोलीतल्या लॅपटॉपवर टेलनेट सर्व्हर आणि दुसऱ्या खोलीतून त्याला हाक मारणारा क्लायंट, एवढी मांडणी नव्या खर्चाशिवाय होते.

टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो आणि या प्रणालीत पासवर्डची पहिली आठ अक्षरेच तपासली जातात, तेव्हा हा सर्व्हर घरच्या जाळ्याबाहेर मुळीच उघडू नये. वीज जाण्याचीही काळजी घ्यावी. त्या काळच्या युनिक्समध्ये डिस्कवर लिहायचा मजकूर आधी स्मृतीत साठतो आणि ‘सिंक’ ही आज्ञा दिल्यावर किंवा ठराविक कालावधीने डिस्कवर उतरतो. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी ‘एफएससीके’ चालवून फायलींची दुरुस्ती करावी लागते, आणि ज्यांची नावे हरवली त्या फायली क्रमांक लावून ‘लॉस्ट अँड फाउंड’ या डिरेक्टरीत जाऊन पडतात. भारनियमनाच्या दिवसांत लॅपटॉपची बॅटरी हे काम निभावते, पण रास्पबेरी पाय वापरणाऱ्याने लहानसा यूपीएस आधी घ्यावा आणि कर्नल बांधायला नंतर बसावे.