पुंगळी पुन्हा मापात आणताना

2006 च्या डिसेंबरात दोहाच्या आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने 25 मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात 600 पैकी 590 गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. 60 गोळ्यांचा हा प्रकार. निम्म्या सावकाश नेम धरून झाडायच्या, निम्म्या झटपट. त्यात .32 बोअरचं सपाट तोंडाच्या गोळीचं काडतूस नेमबाजांच्या विशेष पसंतीचं, कारण कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद राहत नाही. गोळी निशाणाकडे जाते, पितळी पुंगळी मागे उरते. कायदा परवानगी देतो अशा देशांत अनेक नेमबाज तीच पुंगळी पुन्हा भरतात.

सगळ्याच पुंगळ्यांना हे भाग्य नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं ते .22 च्या काडतुसावर. त्यात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो आणि घोड्याच्या ठोक्याने तो काठच चेचला जातो. ती पुंगळी थेट भंगारात. सेंटर फायरमध्ये मात्र बुडाच्या मधोमध वेगळी टोपी बसवलेली असते. जुनी काढून नवी बसवता येते.

पुन्हा भरण्याची पहिली पायरी म्हणजे साइझिंग डाय. बार उडताना पुंगळी फुगून नळीच्या मागच्या घराला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरल्यावर ती आक्रसते, पण मूळ मापावर परतत नाही. प्रेसमध्ये दाबून तिला डायमधून काढलं की अंग पुन्हा बारीक होतं आणि त्याच फटक्यात मधली पिन जुनी टोपी बाहेर ढकलते.

पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. 1869 पासून चाललेला खडकीचा दारूगोळा कारखाना किंवा 1964 चा जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना अशा ठिकाणी काडतूस बनतं तेव्हा पितळेच्या छोट्या वाटीपासून सुरुवात होते. ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब केली जाते. प्रत्येक ओढीबरोबर पितळ कडक होतं, म्हणून दोन ओढींच्या मध्ये तापवून मऊ करावं लागतं. घरच्या प्रेसवर पिस्तुलाची पुंगळी सहसा कोणी तापवत नाही. ती दर वेळी फुगते, दाबली जाते, कडक होत जाते. शेवटी तोंडाशी उभी चीर जाते. डायची म्हणून सांगितली जाणारी बरीच दुखणी अशी पितळाची असतात.

ओरखड्याचंच घ्या. अंगावर उभी रेघ आली की पहिला संशय डायवर जातो. दहा-बारा पुंगळ्या ओळीने मांडून पाहाव्यात. रेघ सगळ्यांवर सारखीच असेल तर डायच्या आत पितळाचा कण चिकटलाय किंवा रेती रुतलीय. डाय उघडून सॉल्व्हंट लावलेल्या फडक्याने पुसायची. रेघ दोन-चारांवरच असेल तर पुंगळ्याच न धुता घेतलेल्या.

पोलादी डायमध्ये कोरडी पुंगळी घातली तर ती अडकते आणि जोर केला तर बुडाचा काठ फाटून निघतो आणि पुंगळी आतच राहते. अशा वेळी ठोकाठोकी न करता बुडाला भोक पाडून, आटे पाडून, बोल्टने ती ओढून काढतात. टंगस्टन कार्बाइडची रिंग असलेल्या डायला सरळ अंगाच्या पुंगळीसाठी वंगण लागत नाही. ही रिंग कठीण खरी, पण ठिसूळ. म्हणून प्रेसमध्ये पुंगळी धरणाऱ्या होल्डरवर ती आपटू द्यायची नाही; मध्ये कागदाएवढी फट ठेवायची.

9 मिमीचं काडतूस जरा अडेल. 19.15 मिमी लांबीत त्याचा व्यास बुडाकडे 9.93 आणि तोंडाकडे 9.65 मिमी, म्हणजे अंग निमुळतं. त्यामुळे कार्बाइड असली तरी थोडं वंगण लावलं की हात हलका चालतो. डायचं तोंड आत शिरायला सोपं जावं म्हणून उतरतं केलेलं असतं आणि तेवढ्या पट्ट्यात बुडाजवळचा फुगवटा तसाच राहतो. अशी पुंगळी पिस्तुलात पूर्ण बसत नाही. तिथे डाय दोष देण्याजोगी नाही. होल्डर आणि डायमधली फट तपासायची, तरीही फुगवटा उरला तर ती पुंगळी बाद.

गोळी सैल बसणं सगळ्यांत धोक्याचं, कारण पिस्तुलात भरताना ती मागे ढकलली गेली तर दाब एकदम वाढतो. एखादी सैल निघाली तर पातळ भिंतीची पुंगळी. सगळ्याच सैल असतील तर तोंड फुलवणारा एक्स्पांडर मायक्रोमीटरने मोजायचा. तो गोळीपेक्षा किंचित बारीकच हवा.

पिन वाकण्याचं कारण बऱ्याचदा पुंगळीतच सापडतं: आत पडलेला खडा, किंवा बर्डन पद्धतीची टोपी. या पद्धतीत मधोमध एका भोकाऐवजी बाजूला दोन बारीक भोकं असतात, आणि पिन थेट धातूवर आदळते. टॉर्चने आत पाहिलं की लगेच कळतं.

दोहाच्या औद्योगिक भागाजवळ, बरवा अल बराहाच्या वसाहतीत राहणाऱ्या एखाद्या मराठी फिटरला किंवा टर्नरला फट, रिंग, मायक्रोमीटर हे सगळं रोजचंच वाटेल. भारतात मात्र 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. परवाना असलेल्या ठिकाणीही डाय दुरुस्त झाल्यावर पहिल्या पाच-सहा पुंगळ्या गेजमध्ये टाकून पाहतात, आणि चीर गेलेली पुंगळी पकडीने चेपूनच भंगारात टाकतात, म्हणजे ती चुकून पुन्हा चांगल्या ढिगात येत नाही.