डोक्यावरचा सामाईक कप्पा

विमानाच्या तिकिटावर आसनाचा क्रमांक छापलेला असतो, परंतु त्या आसनाच्या डोक्यावरील कप्पा कोणाच्याच नावे नसतो. बँकेतील लॉकरला निदान किल्ली आणि भाडेकरू असतो. येथे जो आधी पोहोचला त्याने व्यापले, एवढीच वहिवाट. जागा सर्वांची आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशा मालमत्तेवर जे तंटे होतात तेच येथेही होतात. फरक इतकाच, की ते अरुंद वाटेत, मागे पन्नास माणसे खोळंबलेली असताना होतात.

आधी हिशेब पाहू. देशांतर्गत उड्डाणांत इकॉनॉमी वर्गाच्या प्रवाशास सामान्यतः एक नग आणि ७ किलो हातसामानाची मुभा असते. शिवाय पर्स किंवा लॅपटॉपची लहान पिशवी. १८० आसनांच्या विमानात प्रत्येकाने नियम काटेकोर पाळला, तरी डोक्यावर १२६० किलो भार चढतो. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आसपास हा नियम किती जण पाळतात, हे विमानतळावरील वजनकाटाच जाणे.

मुळात हे कप्पे इतक्या ओझ्यासाठी जन्मले नव्हते. जुन्या प्रवासी विमानांत डोक्यावर उघडी फळी असे आणि तिच्यावर टोपी, कोट, फार तर एखादी पिशवी ठेवीत. १९७० मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७४७ पासून झाकणाचे बंद कप्पे रूढ होत गेले. पुढे चाकांनी घोटाळा केला. बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या बॅगेचे अमेरिकी पेटंट १९७२ मध्ये मिळाले, तर उभी ओढता येणारी, लांब मुठीची बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ च्या सुमारास तयार केली. ती आधी विमान कर्मचाऱ्यांच्या हाती दिसली, मग प्रवाशांच्या. जे ओझे उचलावे लागत नाही ते ओझे वाटतच नाही. विमानाच्या दारापर्यंत तरी. २००८ मध्ये अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी पोटातील पहिल्या बॅगेसही शुल्क लावले आणि तेथील सारे सामान वर चढू लागले. आपल्याकडे तिकिटातच बहुधा १५ किलो पोटातील सामान धरलेले असते. तरीही आपण बॅग सोबत नेतो, ती उतरल्यावर पट्ट्याशी ताटकळावे लागू नये म्हणून. घाईच्या व्यापाऱ्यास हा सौदा पटतो, यात नवल नाही.

आता रचनेचा प्रश्न. येथे कापडाच्या दुकानात ठाण लावणाऱ्यास शिकवण्यासारखे फारसे नाही. बॅगेचे प्रचलित माप ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. एखाद्या कंपनीत थोडा फरक, आणि त्यात चाके व मूठ धरलेली. दीड मीटर लांबीचा कप्पा समजा. बॅग वाटेला समांतर, आडवी टाकली तर प्रत्येकी ५५ सेंटिमीटर जातात; दोन बॅगांत कप्पा संपला. तीच चाके आत आणि मूठ बाहेर करून सपाट सरकवली तर प्रत्येकी ३५ लागतात, चार बसल्या. आणि फळीवर पुस्तके लावतात तशी कुशीवर उभी केली तर प्रत्येकी २५, सहा मावल्या. जागा तीच, बॅगा त्याच, पण दोनाच्या सहा झाल्या. बोइंगने २०१५ मध्ये आपल्या ७३७ विमानांत आणलेल्या नव्या कप्प्यांचे मर्म हेच आहे: चारच्या जागी सहा. मात्र कुशीवर ठेवण्यास कप्पा तेवढा उंच हवा. जुन्या विमानात बळे उभी केलेली बॅग झाकण लागू देत नाही, म्हणून आधी उंचीचा अंदाज घ्यावा.

बाहेरच्या खिशात ऐनवेळी खाकऱ्यांचे पुडे आणि शाल कोंबली की २५ चे ३० होतात, आणि सहाव्या प्रवाशाची जागा गेली. हे पाच सेंटिमीटर कोणाच्या खाती जमा होत नाहीत. नावे मात्र पडतात, तेही अनोळखी माणसाच्या. जाकीट, छोटी पिशवी, मिठाईचा डबा हे आसनाखाली किंवा सर्व बॅगा लागल्यावर वर ठेवावे. पहिल्या आणि संकटद्वाराच्या रांगेत पायाशी काही ठेवू देत नाहीत. त्या प्रवाशांस वरच्या जागेची खरी गरज असते. मागे बसणारे कित्येक जण जाता जाता पुढच्या कप्प्यात बॅग टाकून जातात. ही चतुराई नव्हे. पुढच्याची बॅग मग मागे जाते आणि उतरताना त्याला गर्दीच्या उलट दिशेने जावे लागते.

जागा संपली की दाराशी बॅगेला चिठ्ठी लावून ती पोटात पाठवतात. त्या अर्ध्या मिनिटात औषधे, दागिने, व्यवहाराची कागदपत्रे आणि पॉवर बँक बाहेर काढता आली पाहिजे. ही चार एकाच लहान पिशवीत वेगळी असावीत. सुट्या लिथियम बॅटऱ्यांना पोटातील सामानात बंदी आहे, कारण तेथील आग विझवण्यास कोणी पोहोचू शकत नाही. पण वरचा बंद कप्पाही निर्धोक नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिमहे विमानतळावर उड्डाणापूर्वी एका एअरबसच्या वरच्या कप्प्यात आग लागली. सर्व १७६ जण बाहेर पडले, विमान जळाले. तपासात पॉवर बँकेतील बिघाडाचा संशय व्यक्त झाला आणि १ मार्चपासून त्या देशाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली. ती अंगाजवळ, नजरेसमोर असावी.

संकटकाळी तर कप्पा उघडूच नये. निम्मी दारे बंद धरून ९० सेकंदांत विमान रिकामे करता येते, हे निर्मात्यास सिद्ध करावे लागते. त्या हिशेबात बॅगा काढण्याचा वेळ धरलेला नाही. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईस गेलेले विमान धावपट्टीवर आपटून पेटले, तेव्हा आत धूर असतानाही काही प्रवासी बॅगा काढत होते. आतील ३०० जण वाचले, परंतु थोड्याच मिनिटांत झालेल्या स्फोटात एका अग्निशामक जवानाचा मृत्यू झाला. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जळत्या विमानातून सर्व ३७९ जण बाहेर आले. त्यांनी सामान मागे सोडले होते.

ज्येष्ठांसाठी एक गोष्ट उरते. ७ किलोची बॅग खांद्यावर उचलणे आणि डोक्याच्या वर हात ताणून आत ढकलणे यांत मोठा फरक आहे. कर्मचारी जागा शोधून देतात, बॅग उचलून ठेवतीलच असे नाही. शेजारच्या तरुणास बसण्यापूर्वीच सांगावे. आणि उतरताना झाकण उघडण्याआधी दुसरा तळवा त्याखाली धरावा. उड्डाणात सामान सरकलेले असते आणि खाली बहुधा कोणीतरी बसलेले असते.